म्होरल्याचं पाणी

दाणे कमी टाका, पाणी जास्त ठेवा. पहिली गोष्ट ही लिहून घ्या.

लोक पक्ष्यांसाठी म्हणून बाजरी आणतात, तांदळाच्या कण्या आणतात, गच्चीवर ओततात, आणि आठ दिवसांत गच्ची कबुतरांनी भरली की मला विचारायला येतात, सर, आता काय करायचं? दाण्यावर कबुतरं येतात. पाण्यावर सगळे येतात. मातीचं उथळ परळ घ्यायचं, त्यात दोन बोटं पाणी. वर फांदीला एक गाडगं टांगायचं, त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून सुताची वात ओवायची. थेंब पडत राहिला पाहिजे. पक्ष्याला पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं. मे महिन्यात अर्धा मैल लांबून येतात त्या आवाजावर.

तुम्ही देवळ्याहून एवढ्या लांब आलात, नवीन बंगला बांधलाय, मागं मोकळी जागा आहे म्हणता, तेव्हा नीट सांगतो. तुती लावा. बुलबुल आणि साळुंक्या तुम्हाला दुवा देतील. एक उंबर लावा, पण भिंतीपासून लांब. जास्वंद, घाणेरी, कडेला शेवगा. एक कोपरा झाडायचा नाही, पाचोळा तसाच पडू द्यायचा. बायकोला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती पहिल्याच दिवशी झाडू मारील. पाचोळ्यात सातभाई येतात, दयाळ येतो.

आणि पांगारा लावू नका.

हो, तो माझ्याकडे आहे. समोर तोच उभा आहे, तरीही सांगतोय.

दिवे गेलेच शेवटी. बसा, नऊशिवाय येत नाहीत. हल्ली रोजचंच झालंय हे भारनियमन. कंदील लावतो. तुमची वणीकडची शेवटची गाडी साडेनऊची, म्हणजे घाई नाही. जरा जवळ सरका. माझी बायको आशा आत आहे आणि मला आवाज चढवायचा नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, अठ्ठावीस वर्षं झाली. आमच्या घरात भूत हा शब्द निघाला तर वडील ताट बाजूला सारून उठायचे. धम्म घेतलेलं घर. श्राद्ध नाही, पिंड नाही, नवस नाही, अंगारा नाही. हे आमचे शेजारी सावळीराम, प्रेसमधून रिटायर झालेले. पहिल्या वर्षी मला परळात पाणी भरताना बघून कुंपणावरून म्हणाले होते, "काय गांगुर्डे सर, रोजच पित्रांना घास?" मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोललो नव्हतो. असा माणूस मी. त्यामुळे जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसलात तरी चालेल. मीही हसलो होतो.

हे घर आम्ही त्र्याण्णव साली बांधलं. तेव्हा विहितगावच्या या अंगाला नुसता ऊस होता, मागं वालदेवी. संध्याकाळी नदीवरून गारवा यायचा, त्याला द्राक्षांवर मारलेल्या गंधकाचा वास असायचा. देवळालीला तोफांचा सराव सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरायच्या. आमची चैताली तेव्हा सात वर्षांची. तोफ वाजली की बोटं मोडून मोजायची.

त्या थंडीत तिचा घसा दुखला. मग गुडघे सुजले, ताप आला. गोळ्या दिल्या, बरी झाली. आम्ही विसरूनही गेलो. वर्षानं गच्चीचा जिना चढताना मध्येच बसली, ओठ निळे. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक झडप खराब झालीये. मुंबईला मोठं ऑपरेशन करावं लागेल. नंबर लागला की तारीख पत्रानं कळवतील. तोवर पळायचं नाही, जिना चढायचा नाही, शाळा बंद. आणि हेही सांगितलं की शंभरातली दहा-बारा मुलं टेबलावरून परत येत नाहीत. आशा तेव्हा बाहेर बाकावर बसली होती, हे मी एकट्यानं ऐकलं आणि माझ्यापाशीच ठेवलं. तिथूनच मला गोष्टी माझ्यापाशी ठेवायची सवय लागली.

ऑपरेशनच्या अर्जावर पत्त्याच्या रकान्यात मी शाळेचा पत्ता घातला. या वस्तीत पोस्टमन आठवड्यातून एकदा यायचा, तोही मनात आलं तर.

पोरीला बाहेर खेळायला जाता येत नाही, तर खेळच तिच्या खिडकीत आणू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पुढच्या खोलीत, या पडवीच्या खिडकीला लागून तिचा पलंग टाकला. बाहेर अंगणात गाडगं टांगलं, खाली परळ. खिडकीच्या आतल्या कठड्यावर दुसरं छोटं परळ, ते तिचं स्वतःचं. वालदेवीच्या काठावरून पांगाऱ्याची हाताएवढी फांदी आणून खोवली. पांगारा कसाही जगतो, आणि गाडगं टांगायला शेजारी एक मोठं झाड आधीपासून होतंच. सहा महिन्यांत आमच्याकडे बुलबुल, शिंजीर, तांबट, चष्मेवाले, मुनिया, सगळे यायला लागले. एक शिंपी पक्षी तर तिच्या उशाजवळ येऊन बसायचा. ती श्वास धरून बसायची आणि मला भीती वाटायची, की हिनं श्वास धरू नये. पण तिच्या गालांवर रंग आला होता. आशा मला म्हणाली, "तुम्ही डॉक्टरापेक्षा हुशार निघालात." लग्नानंतर तिनं माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत पांगारा फुलला आणि तो आला.

लांबून कोतवालच वाटावा असा, काळा, लांबट. पण कोतवालाची शेपूट टोकाला दुभंगलेली असते, याची सरळ होती. डोळा लाल नव्हता, काळ्यातच काळा. माझ्याकडचं पुस्तक मी तीनदा चाळलं, त्यात तो नव्हता. तो दाण्याला शिवायचा नाही. थेंबाखाली येऊन उभा राहायचा, चोच वर करून बराच वेळ पाणी प्यायचा. तो आला की बाकीचे पक्षी उडून जायचे नाहीत, तेवढं जरी केलं असतं तरी बरं वाटलं असतं. ते सगळे आपापल्या फांदीवर गप्प व्हायचे आणि त्याच्याकडे पाठ करून बसायचे. आणि ओल्या राखेसारखा वास यायचा. मी म्हटलं, कुठंतरी ऊस पेटवलाय.

चैतालीनं त्याचं नाव काळू ठेवलं.

आमच्याकडे भांडी घासायला चिमणाबाई यायची. पेठकडची, डोंगरातली. थंडीत द्राक्षबागेच्या कामाला खाली यायची, पावसाच्या तोंडावर भात-नागलीला परत जायची. तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"सर, ह्याला पाणी कोणी दिलं?"

"मीच. का?"

"दारात पाणी नाय देत त्याला. म्होरल्या हाय त्यो."

"म्हणजे काय?"

"त्याला म्होरलं आयकू येतं. जंगलात झाड पडायचं आसलं, का त्यो आदीच झाड पडल्याचा आवाज काढतो. जंगलात काय, त्याचं त्यो बोलतो. पण दारचं पाणी पेला का घरचा व्हतो. मंग घरातलं बोलतो."

मी तिला समजावून सांगितलं. पक्षी नक्कल करतात, कोतवाल तर शिकरा पक्ष्याची हुबेहूब करतो, यात म्होरलं-मागलं काही नसतं. वर्गात सांगतो तसं, उदाहरणं देऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पातेलं उचललं.

"बरं," ती म्हणाली. "पण येक ध्यानात ठिवा सर. आयकायचं, नि सोडून द्यायचं. आयकून काय करायला जायचं नाय."

मार्चमध्ये तो पहिला आवाज काढायला लागला. ठक. मग फरशीवर पाय घासत आल्यासारखं. पुन्हा ठक. पुन्हा घासणं. चैतालीला तो आवाज फार आवडला, ती पलंगावर बोटांनी त्याच्याबरोबर ठेका धरायची. आमच्या गल्लीत काठी घेऊन चालणारं तेव्हा कुणीच नव्हतं. तीन आठवड्यांनी सावळीराम न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. हा माणूस रोज पहाटे नदीपर्यंत जाऊन यायचा. दीड महिन्यानं ते पहिल्यांदा ओट्यावर आले, हातात काठी, उजवा पाय ओढत. ठक, आणि घासणं. मी इथंच उभा होतो. पांगाऱ्यावर बघितलं. काळू बसला होता, त्यानं तो आवाज काढला नाही. त्यानंतर कधीच काढला नाही.

योगायोग, असं मी म्हटलं. म्हणावंच लागतं.

एप्रिलपासून दुसरा आवाज. टुर्र-टुर्र, मग थोडं थांबून पुन्हा टुर्र-टुर्र. फोनसाठी आम्ही तीन वर्षांपूर्वी नाव नोंदवलं होतं, पण गल्लीत एकाकडेही फोन नव्हता. मे महिन्यात अचानक खात्याची माणसं आली, तार ओढली, एक पांढरं यंत्र टेबलावर ठेवून गेली. संध्याकाळी ते वाजलं. चैताली पलंगावरून हसली.

"बाबा, हा तर काळूचा आवाज."

मी फोन उचलला. पलीकडून खात्याचा माणूस विचारत होता, लाईन लागली का? मी हो म्हणालो आणि फोन ठेवून पांगाऱ्याकडे बघितलं.

आता पुढचं हळू सांगतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. चिमणाबाई दोनच दिवसांपूर्वी गावी गेली होती. उजाडायला अवकाश होता. उकाड्यानं दार उघडं टाकून आम्ही मधल्या खोलीत झोपलो होतो, आणि मला रडण्यानं जाग आली. अंगणात आशा रडत होती... नुसतं रडणं नाही. पोटातून येतं ना, ते. मध्येच श्वास अडकत होता. आणि त्या अडकलेल्या श्वासातून ती एकच वाक्य म्हणत होती, "आत्ताच तर पाणी मागितलं होतं हो... आत्ताच तर मागितलं होतं..."

मी उठलो, धावत दारापर्यंत गेलो. आणि मागं वळून पाहिलं.

आशा अंथरुणात होती. तोंडावर हात घेऊन शांत झोपली होती. पुढच्या खोलीत चैतालीही झोपली होती, तिचा श्वास वरखाली होत होता. बाहेर पांगाऱ्यावर तो काळा आकार चोच उघडून बसला होता आणि माझी बायको त्याच्या गळ्यातून रडत होती.

मी दगड मारला. तो उडाला, दुसऱ्या दिवशी पहाटे परत आला. रोज यायचा. आशाची झोप गाढ, तिला कधी ऐकू गेलं नाही. पण एके सकाळी चैतालीनं मला विचारलं, "बाबा, आई पहाटे बाहेर जाऊन का रडते?"

"मांजर असेल," मी म्हणालो.

"मांजर बोलतं का?"

मी त्या दिवशी गाडगं काढून टाकलं. अंगणातलं परळ, तिच्या कठड्यावरचं परळ, दोन्ही कोरडी करून उपडी घातली. पांगारा तोडायला माणूस आणला, तर पोर एवढी रडली की ओठ निळे पडले. त्याला तसाच परत पाठवला. तिच्या उशाशी मी तांब्या-भांडं ठेवायला लागलो. दिवसरात्र भरलेलं. शाळेतून आलो की आधी तांब्यात डोकावायचो. तिला पाणी मागावंच लागू नये, एवढं मला करायचं होतं. विज्ञान शिकवणारा माणूस, दुसरं काय करणार?

आणि तीन जूनला शाळेत पत्र आलं.

चौदा जूनला भरती करा, सतराला ऑपरेशन. मी ते प्रयोगशाळेत उभं राहून वाचलं. सुट्टीच होती अजून, शाळेत शिपाई आणि मी. आम्ही दीड वर्ष ज्या पत्राची वाट बघितली ते माझ्या हातात होतं, आणि मला फक्त ते रडणं ऐकू येत होतं. शंभरातली दहा-बारा. टेबलावर नेण्याआधी पोरं पाणी मागतात, आणि देता येत नाही, हे मला कुणीतरी सांगितलं होतं. सगळं एकमेकात नीट बसलं. मला वाटलं, ते रडणं तिथलंच आहे. तिथं गेलोच नाही तर ते कुठून होईल?

मी स्पिरिटचा दिवा लावला आणि ते पत्र जाळलं. मग त्यांना एक पत्र लिहिलं, मुलीला ताप आहे, पुढची तारीख द्यावी. त्यांचं उत्तर आलं, नोव्हेंबरची तारीख. तेही जाळलं. घरी येऊन सांगितलं, अजून काही पत्र नाही. आशा म्हणाली, "तुम्ही जाऊन येता का एकदा मुंबईला?" मी म्हणालो, सुट्टी मिळत नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही पहिले.

जून गेला, जुलै गेला. पाऊस बरा होता. चैताली थकत चालली होती, पायांना सूज यायची, पण मला ते दिसत नव्हतं. मला फक्त तारीख टळलेली दिसत होती. काळू रोज पहाटे रडत होता, आणि मी मनातल्या मनात त्याला म्हणत होतो, रड, आता तुझं खोटं पडलंय.

पंचवीस ऑगस्ट, रविवार. सकाळचे नऊ-साडेनऊ. पाऊस उघडला होता, ऊन पडलं होतं. मी आतल्या आरशासमोर दाढी करत होतो. पुढच्या खोलीतून तिचा आवाज आला, "आई, पाणी."

तोंडाला साबण तसाच ठेवून मी धावलो. "अगं, तांब्या आहे ना उशाशी. भरलेला आहे."

"मला नको बाबा. त्यांना. माझं परळ किती दिवस उपडंच आहे."

कठड्याबाहेर एक बुलबुल बसला होता. आशानं हसून परळ सरळ केलं, उशाचा तांब्या उचलला आणि त्यात पाणी ओतलं. मी तिला थांबवायला हवं होतं का? मला अजून कळत नाही. पाणी ओतायला किती वेळ लागतो? आशा वळली तेव्हा चैतालीचं डोकं खिडकीच्या गजांना टेकलं होतं आणि डोळे उघडे होते.

आशानं हंबरडा फोडला.

ज्या जागी श्वास अडकायला हवा त्याच जागी अडकला. जिथं आवाज फाटायला हवा तिथंच फाटला. "आत्ताच तर पाणी मागितलं होतं हो... आत्ताच तर मागितलं होतं..." लोक म्हणतात, सर दगडासारखे उभे राहिले, एक टिपूस काढलं नाही. खरंय. मी रडत नव्हतो. मी ऐकत होतो. तीन महिने पाठ झालेलं होतं, कुठं एखादा शब्द तरी वेगळा येतो का, ते ऐकत होतो.

नंतर डॉक्टर भेटायला आले. सहज म्हणाले, जूनमध्ये झालं असतं तर वाचली असती हो पोरगी, मुंबईवाले एवढे दिवस लावतात. आशानं मुंबईवाल्यांना तळतळाट दिले. मी तिच्या शेजारी बसलो होतो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, माणसं जेवून गेल्यावर, तिनं ते गाडगं अडगळीतून शोधून काढलं आणि स्वतःच्या हातानं फांदीला बांधलं. "पोरीनं शेवटचं पाणी यांच्यासाठी मागितलं," ती म्हणाली, "आता हे कधी आटायचं नाही." ही जी बाग बघायला तुम्ही आलात ना, ती माझी नाही. लोक माझं नाव सांगतात, पण हे सगळं तिनं केलंय. अकरा वर्षं. तुती तिनं लावली, उंबर तिनं लावला. ती आजारी असली तरी पहाटे उठून परळ घासून पाणी भरते. काळू मात्र त्या रविवारनंतर दिसला नव्हता. आशाला त्याचं काही ठाऊक नाही. चिमणाबाई जे बोलली ते माझ्याशी बोलली, आणि मग ती परत कधी खाली आलीच नाही.

या फेब्रुवारीत पांगारा फुलला, आणि एका सकाळी मला ओल्या राखेचा वास आला.

आशानं त्याला आधी पाहिलं. तिला केवढा आनंद झाला. "अहो, बघा, चैतालीचा काळू आलाय." पक्षी एवढी वर्षं जगत नाहीत, असं मी म्हणालो नाही. त्या दिवशी तो फक्त खाकरला. मी बोलायच्या आधी घसा साफ करतो ना, तसं. आशा हसून हसून बेजार. म्हणाली, "आता तुमची नक्कल करतोय."

आठवड्यानं तो बोलला. "आशा."

ती स्वयंपाकघरातून ओ देत बाहेर आली. "हाक मारलीत?"

मी पेपर वाचत होतो. नाही म्हणालो.

मग रोज थोडं थोडं पुढं. "आशा, ऐक." मग आठ दिवस तेवढंच. मग, "आशा, ऐक. तुला एक सांगायचंय." आवाज माझाच, पण मी तसा कधी बोलत नाही. शांत, थकलेला. बोलून टाकायचं ठरवून बसलेल्या माणसासारखा. आशाला गंमत वाटते. सावळीरामांच्या लताबाईंना तिनं मुद्दाम बोलावून ऐकवलं. ती रोज पहाटे माझ्याआधी उठते, परळ भरते, आणि पायरीवर बसून वाट बघते, की आज तो पुढं काय म्हणतो.

मी काय करू? दगड मारला, तर ती विचारील का मारला. पाणी बंद करू म्हटलं, तर कोणत्या तोंडानं म्हणू? कधी वाटतं, त्याच्या आधी आपणच सांगून मोकळं व्हावं. अकरा वर्षं वाटतंय. आणि मग चिमणाबाईचं आठवतं, आयकून काय करायला जायचं नाय. एकदा केलं होतं मी. आता सांगितलं तरी त्याचंच खरं, गप्प बसलो तरी त्याचंच.

आणि आणखी एक. त्याचं बोलून झालं की तो थांबतो. समोरच्यानं उत्तर द्यावं म्हणून आपण थांबतो, तेवढाच. चोच उघडी ठेवून... आणि उत्तर येत नाही. ठक ठक त्यानं काढलं, फोन काढला, तिचं रडणं काढलं. पण माझ्या त्या बोलण्यानंतर आशाचा आवाज त्याला ऐकूच येत नाहीये. का येत नसावा?

आज सकाळी तो म्हणाला, "आशा, ऐक. तुला एक सांगायचंय. जूनची तारीख आली होती." एवढंच, आणि उडून गेला.

आशा पायरीवर होती. तिच्या हातात रिकामा तांब्या होता. तिनं तो पायरीवर ठेवला. मग मला म्हणाली, "जूनची कसली तारीख हो?"

"पक्ष्याला काय कळतंय," मी म्हणालो.

तांब्या उचलून ती आत गेली. दिवसभर नेहमीसारखीच होती, डबा दिला, संध्याकाळी तुम्हाला चहा दिला. तुम्ही पाहिलंत ना, हसून बोलली तुमच्याशी.

थांबा.

ऐकलंत?

नाही... मी बोललो नाही. माझ्याकडे बघा, हवं तर कंदील वर धरा. मी तोंडही उघडलेलं नाही. अंधार पडल्यावर तो कधी बोलत नाही, आजवर एकदाही नाही. पण तुम्हीही ऐकलंत. पत्र आलं होतं, मी जाळलं, हे सगळं ऐकलंत ना? आज पुरं बोलला तो.

आत मघापासून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबलाय.